तीस पावलांचं घर

मुलांनो, असं समजा की तुम्ही एका स्टुलावर बसला आहात आणि तुमच्या हातात मोबाइल आहे. त्याचा हॉटस्पॉट चालू असेल तोवरच तुमच्या घरातली माणसं चालतात, बोलतात, जेवतात. समजलं? मग आता शर्वाणीकडे बघा. ती नऊ वर्षांची होती आणि तिच्या घरी हे असंच होतं.

स्टूल घराच्या बरोबर मध्यावर होतं. तिथून तीस पावलांपलीकडे गेलेलं माणूस जागच्या जागी थांबे. शर्वाणी मात्र थांबत नसे, कारण मोबाइल तिच्याच अंगठ्याने उघडायचा.

एकदा ती मोबाइल हातात घेऊनच पतंगामागे पिठाच्या गिरणीपर्यंत धावली. परत येऊन बघते तर आजोबांचा घास ओठांपाशी अडलेला, दूध उतू जाऊन गॅस विझलेला, आई पातेल्यापुढे पुतळ्यासारखी उभी. ती आत येताच सगळे हलले. सगळ्यांत आधी हलला बाबांचा हात. तो तिच्या गालावर बसला.

नलूआत्याने तेवढं विचारलं, "पतंग मिळाला का गं?"

मोबाइलवर चारच माणसं जोडता येत. आजोबा, बाबा, आई, नलूआत्या. यादी भरलेली होती, आणि तशात शर्वाणीला भाऊ झाला. बारा दिवस तो हलला नाही, रडला नाही. दुपट्यात तसाच पडून होता.

बारशाच्या सकाळी सगळे स्टुलाभोवती जमले.

"एक नाव काढावं लागणार," बाबा म्हणाले.

"माझ्याकडे बघू नकोस," आजोबा म्हणाले. "घर माझ्या नावावर आहे."

"मला काढलंत तर बाळाला पाजणार कोण?" आई म्हणाली.

मग सगळ्यांनी आत्याकडे बघितलं. आत्या शर्वाणीची वेणी घालत होती. तिने रिबिनीची गाठ मारली.

"सरळ सांग ना दादा. मला काय, कळत नाही?"

"तसं नाही नलू. पण तुझ्यामागे आता कोण आहे?"

"काढून टाकलेल्याला मोबाइल परत घेत नाही, बाबा," शर्वाणी म्हणाली.

"तू गप्प बस. आणि पाय हलवू नकोस."

"पण नाव आत्याच ठेवते," आई म्हणाली. "तेवढं होऊ द्या. बायका आल्यात दारात."

"मी कुठे पळून जातेय, वहिनी?" आत्या हसली. "तीस पावलांत जाऊन जाऊन जाणार कुठे?"

पाळणा हलला. बायकांनी गाणं म्हटलं, कोणीतरी आत्याच्या पाठीवर हलकेच थापट्या मारल्या. आत्या वाकली, तिने बाळाच्या कानाशी तोंड नेलं आणि म्हणाली, "कुर्र..."

"आता," बाबा म्हणाले. त्यांनी शर्वाणीचा अंगठा धरला आणि आत्याच्या नावावर दाबला.

आत्या वाकलेलीच राहिली. यादीत जागा होताच बाळाने पहिल्यांदा डोळे उघडले आणि ते जोरात रडू लागलं.

"काय ठेवलं नाव?" बायकांनी विचारलं.

कोणालाच ऐकू गेलं नव्हतं.

"नंतर ठेवू दुसरं," आजोबा म्हणाले. "आधी हिला पाळण्यावरून बाजूला करा. घुगऱ्या वाटायच्यात."

बाबांनी आणि आजोबांनी आत्याला उचलून भिंतीशी नेलं. ती तशीच वाकलेली होती. तिच्या पाठीवर चांगली सपाट जागा होती. आईने तिथे घुगऱ्यांचं ताट ठेवलं.

शर्वाणी स्टुलावरून उतरली.

"कुठे निघालीस?" बाबांनी विचारलं.

मोबाइल छातीशी धरून ती उंबरा ओलांडून अंगणात आली. पावलं ती मोठ्याने मोजत होती, आत्याने शिकवली होती तशी, एकही न गाळता. बायकांच्या गर्दीतून वाट काढत बाबा मागून आले. बाळ रडतच होतं. एकोणतीसला तिने मागे वळून बघितलं, बाबा अजून पायरीवरच होते. तिसाव्याला बाळाचं रडणं अजून स्पष्ट ऐकू येत होतं.

तिने पुढचं पाऊल उचललं.