हनुवटी आणि झाकलेली जीप

"तुमचं पोट दिसतंय झुडपाबाहेर," बायको म्हणाली. "आत घ्या."

"पोट आत घेतलं की कॅमेरा हलतो."

"मग झुडूप तरी मोठं बघायचं होतं."

खाणीच्या जुन्या रस्त्याकडेला, घोट्याएवढ्या चिखलात, नवराबायको सकाळपासून दबा धरून बसले होते. नवरा म्हणजे कचेरीसमोरच्या फोटो स्टुडिओचा मालक. उभ्या हयातीत त्याने पासपोर्ट साइझखेरीज फारसं काही काढलं नव्हतं. गिऱ्हाईक स्टुलावर बसलं की तो गरजायचा, "हनुवटी खाली! हलू नका!" म्हणून सगळं गाव त्याला हनुवटीच म्हणायचं. अर्ध्या गावाला त्याचं खरं नाव ठाऊक नव्हतं आणि उरलेल्या अर्ध्याला त्याची कधी गरज पडली नव्हती.

तसं त्याचं बरं चाललं होतं. दुखणं एकच, साडू. साडू विमा विकायचा. एकदा पुलावर ट्रक उलटला, त्याचा फोटो साडूने मोबाइलवर काढला आणि तो पेपरात छापून आला, खाली साडूचं नाव. झालं! कात्रण फ्रेम होऊन दिवाणखान्यात लागलं. हे दोघं जेवायला गेले की पानं वाढायच्या आधी साडू ती फ्रेम पुसायचा आणि म्हणायचा, "साडूभाऊ, तुम्ही जन्मभर फोटोच काढताय, पण छापून असा एकही नाही आला, नाही का?" खोटं काय होतं त्यात? त्याच्या फोटोंखाली नाव नाही, फोटोंवर सरकारी शिक्का पडायचा.

आणि परवा गॅरेजवाल्याने बातमी आणली. कंपनीची नवी जीप, अजून बाजारात यायची आहे. खरं रूप कळू नये म्हणून अंगभर काळेपांढरे नागमोडी स्टिकर चिकटवून तिला खाणीकडच्या चिखलात पळवून बघतायत. गाड्यांचं एक मासिक अशा चोरून काढलेल्या फोटोला अख्खं पान देतं, खाली ठळक नाव. हनुवटीने दुकान बंद केलं आणि स्कूटर काढली. बायको मागे बसली, कारण हा एकटा चिखलात पडला तर उचलणार कोण?

जीप आली. अशी आली की हनुवटीने बटण दाबेपर्यंत गेलीसुद्धा. पुन्हा आली, पुन्हा गेली. पहिल्या फोटोत नुसतं झाड होतं, दुसऱ्यात बायकोचा कान. त्या बिचाऱ्याचा तरी काय दोष! त्याच्यासमोर आजवर जे आलं ते स्टुलावर बसलेलं होतं. तिसऱ्या खेपेला ओढ्यातून वर चढताना जीप जराशी थबकली आणि हनुवटीचा धीर सुटला. तो झुडपातून ताडकन उभा राहिला आणि सवयीने गरजला,

"हनुवटी खाली! हलू नका!"

ड्रायव्हरने ब्रेक दाबला, हनुवटी खाली घेतली आणि श्वास रोखून बसला. माणसाला असं दरडावून सांगितलं की तो आधी ऐकतो, विचार मागाहून करतो. फोटो इतका झकास आला की चाकाच्या खाचांतला चिखलसुद्धा वेगळा दिसावा. ड्रायव्हर भानावर येईतो स्कूटर वळणापार झाली होती.

दुकानात येऊन त्याने फोटो कॉम्प्युटरवर घेतला आणि तिथे घात झाला. ज्याने जन्मभर लोकांच्या गालांवरचे मुरूम पुसले, त्याला तो बरबटलेला फोटो तसाच पाठवणं कसं जमणार? आधी त्याने चिखल पुसला. मग काचेवरचे शिंतोडे. मग ते काळेपांढरे स्टिकर डोळ्यांत खुपायला लागले, तेही पुसले. खालचा पत्रा काही त्याने पाहिला नव्हता, तो अंदाजाने गुळगुळीत केला. शेवटी मागचा डोंगर काढून पांढरी पार्श्वभूमी टाकली आणि फोटो पाठवून दिला.

दुसऱ्या दिवशी मासिकाच्या संपादकांचा फोन. "अहो, आम्हाला लपवलेली गाडी हवी होती. तुम्ही तर तिला नटवून पाठवलीत! हा फोटो आहे की चित्र?"

"फोटोच आहे, साहेब. जरा साफ केलाय."

"मग मूळचा पाठवा. आज आला तर पान तुमचं, नाव ठळक."

मूळचा फोटो बायकोने कॅमेऱ्यातून पुसू दिला नव्हता. नवऱ्याच्या साफसफाईवर तिचा कधीच विश्वास नव्हता. "बघा, मी होते म्हणून," ती म्हणाली. हनुवटीने मनातल्या मनात फ्रेमचं माप ठरवूनही टाकलं, साडूच्या फ्रेमपेक्षा चार बोटं मोठं.

तेवढ्यात ड्रायव्हर दारात येऊन उभा राहिला.

"चहाच्या टपरीवर विचारलं, 'हनुवटी खाली' असं कोण ओरडतं. सगळ्यांनी एकदम हेच दुकान दाखवलं," तो म्हणाला. "काका, फोटो पाठवलात का?"

"साफ केलेला गेलाय, तो त्यांना चित्रच वाटतोय. मूळचा आता पाठवतोय. का?"

"त्यात माझं तोंड आहे."

"मग झाकतो की तोंड."

"झाकून काय होतंय? गाडी एकच, ड्रायव्हर एकच. आणि गाडी पळत असती तर म्हणता आलं असतं, कोणीतरी चोरून काढला. मी तर फोटोला बसलोय, काका! नोकरी जाईल माझी." मग मान खाली घालून म्हणाला, "चूक माझीच. पण तुम्ही ओरडलातच तसे."

हनुवटीने स्क्रीनकडे पाहिलं. माणूस खरंच छान बसला होता, आणि आपल्याच सांगण्यावरून बसला होता. हनुवटीला साडूचा राग आला, मासिकाचा आला, स्वतःचाही आला. असा फोटो आपल्या हातून पुन्हा निघायचा नाही, हे त्याला पक्कं माहीत होतं. फार वाईट वाटलं त्याला.

त्याने फोन लावला. "साहेब, मूळचा फोटो नाही."

"म्हणजे चित्रच होतं तर?"

"हो. चित्रच."

"वय काय तुमचं? शोभतं का हे?" संपादकांनी फोन ठेवला.

ड्रायव्हरच्या देखत त्याने फोटो पुसला, साफ केलेलाही आणि मूळचाही. "येतो काका," एवढंच म्हणून ड्रायव्हर गेला.

बायको काउंटरमागे पासपोर्टचे फोटो कापत होती. तोच तिचा मोबाइल वाजला. बहिणीचा फोन, तिला काल रात्रीच फोटोचं सांगून झालं होतं. तिच्यामागून साडूचा आवाज दुकानभर ऐकू येत होता, "विचार ना, छापून येतोय का ते?"

"नाही गं," बायको म्हणाली. मग जरा मोठ्याने, पलीकडे मागे बसलेल्यालाही नीट ऐकू जाईल असं म्हणाली, "मासिकवाले मागत होते. ह्यांनीच दिला नाही."

"का?" मागून साडूच ओरडला.

"का म्हणजे? ह्यांची मर्जी," असं म्हणून तिने फोन ठेवला.

एक गिऱ्हाईक हातात अर्ज घेऊन आत आलं आणि सरळ स्टुलाकडे निघालं. "जरा बाहेर थांबा," बायको त्याला म्हणाली, "ते चहा घेतायत."

मग ती उठून चहा ठेवायला आत गेली.