साबणाची वडी

"रांडे," खाटेवरची म्हातारी म्हणाली, आणि चर्चच्या पाळकसाहेबांच्या हातातला प्रभुभोजनाचा प्याला हवेतच थांबला.

सकाळपासून केस विंचरून ती याच घोटाची वाट बघत बसली होती. एके काळी ती संडे स्कूलची बाई. पोराच्या तोंडून वाईट शब्द निघायचा अवकाश, मानगूट धरून मोरीत नेई आणि साबणाची वडी त्याच्या जिभेवर घाशी. पोटच्या लेकीलाही तिनं सोडलं नव्हतं. नवरा मात्र पिऊन आला की तिला याच एका नावानं हाक मारायचा, आणि ती मुकाट्यानं त्याचं ताट वाढायची. आता अर्धांगवायूनं सगळी भाषा नेली आणि नेमका तेवढा शब्द मागं ठेवला. मेल्या नवऱ्याचा वारसा, दुसरं काय!

"तिला सगळं कळतं, साहेब," शिवणकाम टाकून आलेली लेक म्हणाली. "बोलायला गेली की एवढंच निघतं. पाणी हवं असलं तरी तेच, माझ्यावर माया आली तरी तेच. आत्ता ती 'आमेन' म्हणाली."

"ते खरं गं. पण पवित्र वस्तूसमोर..." साहेबांनी प्याला पेटीत ठेवला. "तोंड जरा ताळ्यावर येऊ दे, मग बघू." माणूस वाईट नव्हता, भित्रा होता. आणि भित्र्याइतकं निर्दय कुणी नसतं.

दारात थोरला मुलगा उभा होता. चर्चच्या मंडळीचा खजिनदार, जन्मात शिवी न दिलेला. "ऐकलंस ना, आई? चारचौघांत मान खाली घालायला लावलीस. साहेब, देवानं हिला लवकर न्यावं, एवढीच प्रार्थना करा. आम्हीही सुटू."

"आमेन," साहेब सवयीनं म्हणाले.

त्यात वाईट शब्द एकही नव्हता, म्हणून कुणाचे कान विटाळले नाहीत. लेकीच्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली.

"दादा, तुझ्यापेक्षा तिची शिवी परवडली! तिनं कुणाचं मरण तरी मागितलं नाही."

"भाषा सांभाळ," म्हणून तो साहेबांना पोचवायला निघाला.

लेक हात जोडत फाटकापर्यंत मागं गेली. एकदाच, नुसता ओठाला लावा. साहेब गाडीत बसले.

ती परतली तेव्हा खाट रिकामी होती. म्हातारी भिंत धरधरून मोरीशी पोचली होती. चांगल्या हातात साबणाची वडी, हनुवटीवर फेस. जीभ बाहेर काढून ती घासत होती, पोरांची घासायची तशी, मुळापर्यंत.

"आई!" लेकीनं वडी हिसकावली.

म्हातारीनं तिच्याकडे पाहिलं. पहिला शब्द बोलणाऱ्या लेकरासारखं जपून तोंड उघडलं.

"रांडे," ती म्हणाली, आणि वडीसाठी पुन्हा हात पुढं केला.