पावडर न लावता

वीज गेलेली, पंखा थांबलेला, गल्लीतला कोंबडासुद्धा गप्प. तेवढ्यात न्हाणीघराच्या दाराआड टक् असा आवाज झाला. पावडरच्या डब्याचं झाकण.

"आई," कॉफी ओतता ओतता दिलेनिया म्हणाली, "काय ठरलंय आपलं?"

आतली थपथप थांबली. "मानेलाच लावतेय."

ओनेलियाची मान पोटापर्यंत येत असे. आसुआ गावात बाई न्हायली की नाही, ते तिच्या गळ्याखालच्या पांढऱ्या थरावरून कळतं. थर नाही म्हणजे अंघोळ नाही, नाहीतर लाज नाही. एकसष्ट वर्षांत ओनेलियाने दोन्हींत कधी कमी पडू दिलं नव्हतं.

पण आज शाळेच्या पटांगणात तपासणीची गाडी होती. चाळिशी ओलांडलेल्या बायकांच्या छातीचा फोटो काढून आत काही आहे का ते बघायचे. चिठ्ठीवर स्वच्छ लिहिलं होतं: पावडर, क्रीम लावू नये, फोटोत पांढरे ठिपके येतात. गाडी दर वर्षी यायची आणि दर वर्षी ओनेलिया म्हणायची, "मला कुठं दुखतंय?" दिलेनिया म्हणायची, "दुखायच्या आधीच जायचं असतं." यंदा शेजारची मर्सेदिता जाऊन आली आणि गल्लीभर सांगत फिरली. मर्सेदिताच्या मागे राहणं ओनेलियाच्या प्रकृतीला मानवणारं नव्हतं.

दिलेनियाने ओल्या फडक्याने आईला गळ्यापासून खाली पुसून काढलं आणि शाळेत नेऊन तपासणीच्या गाडीत बसवलं.

"आजी, पडद्यामागे ब्लाउज काढून या," फोटो काढणारी मियोसोतिस म्हणाली.

"आजी असेल तुझी घरी. मी ओनेलिया."

पडद्यामागे गेल्यावर ओनेलियाने पिशवीतून कागदाची पुडी काढली. परक्या बाईपुढे उघडं व्हायचं तर व्हायचं, पण पारोसं दिसायचं म्हणजे काय?

तिसऱ्या दिवशी फोन आला. फोटोत दोन्हीकडे पांढरे ठिपके दिसताहेत, पुन्हा या. दिलेनियाने फोन खाली ठेवला आणि ओट्याला धरून उभी राहिली. तिचा चेहरा बघून ओनेलियाने कच्ची केळी सोलायचं थांबवलं.

"तुला म्हणून सांगते," ती म्हणाली. "थोडी लावली होती. पडद्यामागे."

"थोडी म्हणजे किती?"

"पुडीभर."

दिलेनियाला इतकं हायसं वाटलं, की ती आईवर ओरडायचं विसरली. ते तिने संध्याकाळी आठवणीने उरकून घेतलं.

दुसऱ्या खेपेला दिलेनियाने आईला स्वतः न्हाऊ घातलं, पिशवी तपासली, स्कर्टचा घेरसुद्धा झटकून बघितला. ओनेलिया भर सकाळी कोऱ्या गळ्याने गल्लीतून चालली.

"ओनेलिया, बरं नाहीये का गं?" मर्सेदिताने दारातून विचारलं.

"तेच बघायला चाललेय."

मियोसोतिसने दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावले. पहिल्यात तांदळाच्या कण्या सांडल्यासारखं सगळीकडे होतं. दुसरा लख्ख. फक्त डावीकडे एका कोपऱ्यात पाच-सहा कण्या एकमेकींना धरून बसल्या होत्या.

"तिथं नीट पुसलं नसणार हिने," ओनेलिया म्हणाली.

"हे कातडीवर नाही, आत आहे."

"आत कशी जाईल पावडर?"

मियोसोतिसने पेनाने त्या कोपऱ्याभोवती गोल काढला. हाताला लागणारही नाही इतकं बारीक आहे, सुईने तुकडा काढून तपासावा लागेल, एवढंच ती म्हणाली. हे ती दिलेनियाकडे बघून म्हणाली.

तीन आठवड्यांनी राजधानीतल्या डॉक्टरीणबाईंनी कागद वाचून दाखवला. कर्करोग होता. अगदी सुरुवातीचा, जागेवरून न हललेला. ऑपरेशन करावं लागेल. "इतक्या लवकर सापडला तर बहुतेक बायका बऱ्या होतात," त्या म्हणाल्या.

"बहुतेक बायकांत मी धरलेली आहे ना?" ओनेलियाने विचारलं.

"धरलेली आहे."

"मग मर्सेदिताला सांगायची गरज नाही."

डॉक्टरीणबाईंनी पेन उचललं आणि दिलेनियाकडे वळल्या. "तुमचं वय?"

"एकतीस."

"घरात झालाय, तेव्हा तुमची तपासणी चाळिशीची वाट बघत नाही बसणार. आणि तोवर जरा कुठे वेगळं वाटलं, दिसलं, तर लगेच यायचं."

परतीच्या बसमध्ये दिलेनियाची सहा वर्षांची लेक लिसबेल दोघींच्या मध्ये बसली होती. दवाखान्यात ती भिंतीवरची चित्रं बघतेय असं सगळ्यांना वाटलं होतं. ओनेलिया खिडकीला डोकं टेकून घोरू लागली. दिलेनियाने आईच्या उघड्या गळ्यावर स्वतःची ओढणी घातली, कडा नीट केल्या, मग पुन्हा नीट केल्या.

लिसबेल बोटं मोजत होती. स्वतःची संपली, तेव्हा तिने आईची घेतली.

"आजीला एकसष्टाव्या वर्षी झाला," ती म्हणाली. "मग तुला कधी होणार?"