वेताच्या पाटीवरचे मणी

प्लास्टर निघालं तेव्हा अर्चनाला वाटलं, सुटले. पण उजव्या हाताची बोटं मिटेनात. कुवेतच्या सालमिया भागात बसमधून उतरताना पडल्याचं निमित्त, आणि शर्क भागातल्या ऑफिसात दिवसभर कीबोर्ड बडवणाऱ्या बाईला पोळी लाटता येईना. नवरा नीलेश रिफायनरीत शिफ्टला. ती घरात एकटीच चिडचिडत बसायची.

शेजारच्या फ्लॅटमध्ये उसुन राहायची. इंडोनेशियाची नर्स, बोर्निओच्या जंगलातल्या केन्या जमातीची. एका सकाळी ती वेताची पाटी घेऊन दारात उभी राहिली. पाठीवर तान्हं मूल बसवायची पाटी, तिच्या वडिलांनी विणून पाठवलेली.

"भावाला बाळ व्हायचंय. यावर लावायचं मण्यांचं काम माझ्याकडे आलंय, आणि ड्युटीतून वेळ मिळत नाही. मदत करशील?"

"या हाताने?" अर्चनाला रागच आला.

"याच हाताने."

पहिल्या दिवशी तासाभरात तीन मणी ओवले गेले आणि वाटीभर गालिच्यावर सांडले. उसुन ते गोळा करत बसली. पिवळ्या वेलाच्या नक्षीत एक मणी चुकला, तरी ती अख्खी ओळ उसवायला लावायची. एकदा दुखण्याने रडकुंडीला येऊन अर्चनाने तिला घरी जायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी उसुन परत हजर, आणि वेत आणायला वडील जंगलात किती आतवर जातात ते सांगत सुई ओवून देत होती.

सुई चिमटीत नीट कधी बसायला लागली ते अर्चनाला कळलंच नाही. शेवटी कडेला घुंगरू हवे होते. तिने स्वतःच्या पैंजणाचे चार काढून दिले.

गावी निघालेल्या एका नर्सबरोबर पाटी रवाना झाली. बाळ झाल्यावर उसुनच्या आईचा व्हिडिओ कॉल आला. नातू पाठीवर होता आणि घुंगरू वाजत होते.

"आई विचारतेय, ती बाई कुठाय?" उसुनने अर्चनाला पुढे ओढलं.

म्हातारी छातीवर हात ठेवून बराच वेळ बोलली. उसुनने सांगितलं, "म्हणतेय, मुलगी परक्या देशात एकटी आहे म्हणून झोप लागत नव्हती. आता लागते."

"अगं, आभार तर मी मानायचे!" अर्चनाने उजवा हात कॅमेऱ्यासमोर धरला, मूठ मिटली, उघडली, पुन्हा मिटली.

म्हातारी खळखळून हसली. तिने हात मागे नेऊन नातवाची इवलीशी मूठ धरली आणि तशीच हलवून दाखवली.