धबधब्याकाठची कुजबुज

आमच्या गावात कुणालाही हळू बोलता येत नाही. रात्रंदिवस धबधबा डोक्यावर कोसळत असतो, येणार कसं? दुकानात साबण मागायचा तरी गळा ताणायचा, आणि गुपित सांगायचं तर समोरच्याच्या कानाला तोंड लावून ओरडायचं. त्यालाच आम्ही कुजबुज म्हणतो. बाहेरून आलेल्या पाहुण्यांना वाटतं, ही माणसं सारखी भांडतात. अगदीच चूक नाही म्हणा.

आमच्या गल्लीत पर्यटकांना भाड्याने रेनकोट देणारं एक दुकान आहे. दुकानदाराचे वडील मागच्या खोलीत पडून असायचे. एके काळी ते सगळे रेनकोट त्यांनीच शिवलेले, म्हणून गाव त्यांना टेलरकाका म्हणायचं. खुब्याचं हाड मोडल्यापासून खाट सुटली नव्हती. मुलगा-सून त्यांना सांभाळत होते, म्हणजे सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा नाक दाबून आत डोकावत होते.

काकांचा जीव मुलीत अडकलेला. ती खालच्या गल्लीत लॉजवाल्यांच्या चादरी धुते. अधूनमधून यायची, बापाच्या कानाशी वाकायची आणि ओरडायची, "बाबा, मी नेणार तुम्हाला माझ्याकडे. दादा सोडत नाही, नाहीतर आजच नेलं असतं!" गावभर तिने हेच सांगून ठेवलं होतं. भाऊ दगडाच्या काळजाचा आणि ही गरीब गाय. काका तिच्या त्या शब्दावर दिवस ढकलत होते. उशाशी पिशवीसुद्धा भरून ठेवली होती, सदरे, दाढीचं सामान आणि जुनी कात्री घालून.

मग वरच्या धरणाची दारं दुरुस्तीसाठी बंद झाली आणि एका सकाळी धबधबा थांबला.

गावाने जन्मात पहिल्यांदा स्वतःला ऐकलं. कुणाचा जिना करकरतो, कोण नवऱ्याला काय काय म्हणते, सगळं चव्हाट्यावर आलं. न्हावी टकल्या गिऱ्हाइकाच्या पाठीमागे पुटपुटला, "याचं काय कापू, कपाळ?" आणि ते गिऱ्हाईक तोंडावरचा फेस तसाच ठेवून ताडकन उठलं. गल्ली पोट धरून हसत होती.

तेवढ्यात रेनकोटच्या दुकानामागून आवाज आला.

"अरे, कुणी आहे का? ओला झालोय मी. बदला रे कुणीतरी."

जरा थांबून पुन्हा तेच. त्या हाकेत राग नव्हता की घाई नव्हती. ती रोजची हाक होती, आम्हाला ऐकू आज आली एवढंच. हसणं बंद पडलं आणि माणसं दुकानासमोर गोळा झाली.

"पाण्याच्या आवाजात कळत नाही हो," दुकानदार म्हणाला.

"आता तर कळलं ना?" न्हावी म्हणाला. सून खाली मान घालून आत पळाली.

तेवढ्यात ओली चादर खांद्यावर तशीच घेऊन मुलगी धावत आली. मागून तिचा नवरा. तिने रस्त्यातच कपाळ बडवून घेतलं. "बघा, बघा माझ्या बापाचे हाल! मी नेते म्हणते, तर हा सोडत नाही!"

भाऊ लालबुंद झाला. "ने. आत्ताच्या आत्ता ने, खाट मी उचलतो. मी कधी नाही म्हणालो तुला? तू विचारलंस तरी कधी?"

सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. आत काका सुनेला घाई करत होते. "तो निळा सदरा दे. वरचं बटण लाव नीट. आणि माझी पिशवी कुठे गेली?"

मुलीने नवऱ्याला बाही धरून दुकानाच्या कडेला, काकांच्या खिडकीखाली ओढलं, त्याच्या कानाला तोंड लावलं आणि जन्मभराच्या सवयीने कुजबुजली.

"अहो, गप्प काय उभे आहात? काहीतरी कारण सांगा! हे लोढणं मी घरात कुठे ठेवू? लोकांसमोर बोलावं लागतं म्हणून बोलत होते मी. आज ना उद्या जाईल म्हातारा, तोवर दादाकडेच कुजू दे!"

शब्दन् शब्द गल्लीच्या शेवटच्या घरापर्यंत गेला. नवऱ्याने तिच्या तोंडावर हात दाबला, तेव्हा कुठे तिला कळलं. ती पांढरीफटक पडली. मला तिची कीव आली नाही, अजूनही येत नाही.

आम्ही सगळे खिडकीकडे बघत राहिलो.

मग काका म्हणाले, "सूनबाई, सदरा काढ. झोपतो मी जरा." आणि थोडं थांबून, मुद्दाम आवाज चढवून, "बाहेर कोण आलंय का गं? माझे कान गेलेत हल्ली. मला काही म्हणजे काही ऐकू येत नाही."

काकांचे कान ठणठणीत होते. हे गावाला ठाऊक होतं, मुलीलाही ठाऊक होतं. तरी तिने ते खरं मानलं. तिने सुटकेचा निःश्वास टाकला, आणि तोही आम्ही सगळ्यांनी ऐकला.