विहीर शिंप्याची आहे

मी नकाशा बोलतोय. खऱ्या मुलखाचा नव्हे. पुरात बुडालेल्या एका गावाचा, जे कधी नव्हतंच. मला टेबलावर पसरायचं, एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी फासे टाकत त्या गावातून वाट काढायची, असा तो खेळ.

माझा जन्म दोन बायकांच्या अबोल्यातून झाला. वहिनी मोजणीच्या कचेरीत नकाशे काढायची. तिचा नवरा अचानक गेला आणि घरात उरल्या ती आणि तिची नणंद. वहिनी त्यांना वन्सं म्हणायची. दोघींचं विळ्याभोपळ्याचं सख्य. मधला माणूस गेल्यावर भांडायलाही काही उरलं नाही. जेवणं व्हायची, भांडी वाजायची, तेवढाच काय तो आवाज.

एका संध्याकाळी वहिनी उगीच रेघोट्या ओढत बसली होती. वन्सं मागे येऊन उभ्या राहिल्या.

"इथे घाट असू द्या," त्या म्हणाल्या. "त्यावरचा नावाडी खोटं बोलतो."

वहिनीने मान वर न करता घाट काढला. मग विचारलं, "काय खोटं बोलतो?"

तिथून मी वाढत गेलो. वन्सं सांगायच्या, वहिनी काढायची. तिरका मनोरा, गळ्यापर्यंत बुडालेली शाळा, छपरांवरून जाणारी वाट. शेजारचे शिंपीदादा खेळायला येऊ लागले. सगळं गाव पाण्याखाली आणि एक विहीर तेवढी कोरडी, ही कल्पना त्यांची. माझ्या खालच्या कडेला नावं लिहायची वेळ आली तेव्हा ते संकोचले. एवढ्याशा विहिरीचं काय, म्हणाले. वन्संनी ऐकलं नाही.

"विहीर शिंप्याची आहे. नाव येणार."

शिंपीदादांच्या लेकीने माझा फोटो काढला आणि सगळ्या गोष्टींसह इंटरनेटवर ठेवला. परवानगी मोकळी होती. कुणीही घ्या, बदला, विकासुद्धा. फक्त मूळ कुणी केलं आणि तुम्ही काय बदललंत, ते लिहा.

पुढच्या हिवाळ्यात वन्सं गेल्या. मला गुंडाळून कपाटावर ठेवलं. वरून वहिनी दिसायची. ती रेडिओ लावायची आणि बातम्या संपल्या तरी बंद करायची नाही.

मग एकदा शिंपीदादा मोठ्या हौसेने एक खोका घेऊन आले. दुकानात दिसला, म्हणाले. आत मीच होतो, रंगवलेला, गुळगुळीत. वहिनीची नजर थेट खालच्या कडेला गेली. नावांची पट्टी कापलेली. खोक्यावर एकट्या प्रकाशकाचं नाव.

तिने फोन लावला. माणूस सभ्य होता. परवानगी मोकळीच होती ना, असं त्याने विचारलं.

"घ्या म्हटलं होतं," वहिनी म्हणाली. "पुसा नव्हतं म्हटलं."

तो वरमला. पुढच्या आवृत्तीत तुमचं नाव नक्की घालतो, म्हणाला. तिने वन्संचं विचारलं. त्यावर त्याचं म्हणणं असं की गोष्टी बऱ्याच बदलल्यात, चित्र तेवढं तुमचं राहिलंय.

वहिनीने खोक्याचं झाकण लावलं.

"त्या बोलल्या म्हणून मी काढलं. त्यांचं नाव नसेल तर माझंही नको. आणि विहीर शिंप्यांची आहे."

नव्या आवृत्तीत तिन्ही नावं आली. रंग आणि गोष्टींतले बदल प्रकाशकाचे, असंही खाली छापलं होतं. वहिनीने सगळं मोठ्याने वाचलं. शिंपीदादा चहा पिऊन, डोळे पुसत घरी गेले. दार लागलं. ज्यांना दाखवायचं त्याच नव्हत्या.

आता मी पुन्हा टेबलावर असतो. पण हा खेळ एकट्याने खेळता येत नाही. वहिनी समोर बसते, चष्मा पुसते, पुन्हा घालते.

माझ्या उजव्या कोपऱ्यात थोडी जागा कोरी आहे. तिथे काय आहे, ते वन्संनी सांगायचं राहिलं. छापील प्रतींत तिथे कुणी झाडं काढली आहेत. वहिनी काही काढत नाही.

तुम्ही मला खुशाल घ्या. तो कोपराही भरा. फक्त खाली तुमचं नाव लिहा. नाहीतर कुणाला वाटेल, ते वन्संनीच सांगितलं होतं.