चारशे फेऱ्यांची पेटी

आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुखांना आम्ही मागून नन्नाकाका म्हणत असू. कुठलंही सर्किट समोर ठेवा, त्यांचा नन्नाचा पाढा सुरू. "ही तार तुटली तर? हा भाग जळाला तर? दोन्ही एकदम झालं तर?" मला त्यांचा भयंकर राग यायचा. आज ती डागाळलेली टेबलं आणि सोल्डरचा वास आठवला, की आधी तेच डोळ्यांसमोर येतात.

खाणीत गॅस साठला की वाजणारं, कमरेला लावायचं यंत्र मी तयार करत होते. खाणीत उतरणाऱ्यांत माझा सख्खा दादा होता. पहिला नमुना घरी वाजवून दाखवला, तर तो हसत सुटला.

"अगं, हे वाजतंय की कुजबुजतंय? खाली मशिनं नुसती घरघरत असतात. मला काय डोंबल ऐकू येणार?"

ते माझ्या जिव्हारी लागलं. कुणालाही न विचारता मी भोंग्याला मोठा कपॅसिटर जोडला. तो वीज साठवतो आणि भोंग्याला एकदम देतो. आवाज दणदणीत झाला. "सोमवारी हेच घेऊन उतरतो," दादा खूश होऊन म्हणाला. मीही हो म्हणून बसले. शनिवारची चाचणी म्हणजे माझ्या लेखी निव्वळ सोपस्कार होता.

काकांचा नियम असा, की ज्याचं सर्किट त्यानेच चाचणीचे फेरे मोजायचे. जाड काचेच्या पेटीत खाणीतलाच गॅस हवेत मिसळून भरायचा, आत फिरत्या चकतीवर तारा घासून सर्किटच्या ठिणग्या पाडायच्या. चारशे फेऱ्यांत गॅस पेटला नाही, तर पास. मी आरामात मोजत होते. दोनशे एकतिसाव्या फेऱ्याला 'फट्' झालं आणि पेटी क्षणभर निळी झाली.

ती पेटी नव्हती, दादाची खाण होती. आता काका फाडून खाणार, असं वाटलं. त्यांनी हळूच विचारलं, "आवाज कोणासाठी वाढवलास?"

"दादासाठी."

"मग त्याच्यासाठीच कमी कर."

साठवलेली वीज ठिणगीत ओतणारा तो कपॅसिटर मी काढला. भोंगा हेल्मेटमध्ये, कानाशी बसवायची युक्ती काकांचीच. नव्या यंत्राने महिन्याभराने चारशे फेरे मुकाट्याने पार केले. तोवर दादा ज्योतीवरून गॅस ओळखायचा जुनाच दिवा घेऊन उतरत राहिला. त्याला मी सांगितलं, बॅटरी कमी पडली.

पुढे तेच यंत्र लावून तो निवृत्तीपर्यंत उतरला आणि रोज धडधाकट वर आला. काका जाऊनही आता बरीच वर्षं झाली. परवा चहा पिताना मी दादाला पहिल्यांदाच खरं काय ते सांगितलं. त्याने कप खाली ठेवला.

"तेव्हाच का नाही बोललीस? मी त्यांना जाऊन भेटलो असतो गं."

"लाज वाटत होती," मी म्हणाले.